लिंबाचे दोन दिवे
लिंबाची साल करपल्याचा वास आला की मला आमच्या शहरातलं बनशंकरी देवीचं देऊळ आठवतं. मी बारावीत होते. कॅनडातल्या युनिव्हर्सिटीत मला प्रवेश मिळेल का, हे विचारायला आई आणि मी त्या देवळाजवळच्याच एका काउन्सेलरकडे गेलो होतो. माझे मार्क बघून तो म्हणाला, "फिफ्टी-फिफ्टी, अम्मा." बाहेर येताच आई चिडली, "हे काय उत्तर झालं? हो तरी म्हण, नाही तरी म्हण." मलाही कळेना, हसावं की रडावं. मंगळवार होता, राहुकाळ लागला होता, आणि त्याच वेळी तिथे देवीपुढे लिंबाचे दिवे लावतात, म्हणून घरची, चामराजपेटची बस सोडून ती मला देवळात घेऊन गेली. सगळ्या बायकांसारखं तिनेही लिंबू कापून पिळलं, दोन्ही साली उलट्या केल्या, तूप-वाती घालून दिवे लावले. "काय मागितलंस?" मी विचारलं. "एका दिव्यापाशी म्हटलं, हिला ॲडमिशन मिळू दे. दुसऱ्यापाशी म्हटलं, मिळू देऊ नको." माझं डोकंच फिरलं. तेवढ्यात कुणाचा तरी पदर वारा घालून गेला आणि एक दिवा विझला. "कुठला गं हा?" मी घाबरून विचारलं. आई दोन्ही सालींकडे बघत राहिली. "लावताना माहीत होतं," ती म्हणाली, आणि जळत्या दिव्यावर वात धरून विझलेला पुन्हा लावला. "सरी, बरं, दोन्ही असू देत." आता मी कॅनडात असते. दर रविवारी फोनवर आई म्हणते, "तिकडेच सुखात राहा," आणि त्याच दमात विचारते, "कधी येतेस?"