पाच घरांसाठी टॉवेल

लिहिण्याचा मला मुळीच सराव नाही. तरीही हे धाडस करते आहे, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. काल दुकानात कोऱ्या टॉवेलचा खळीचा वास आला आणि मुलुंडच्या इमारतीतला आमचा पहिला रविवार आठवला.

तेव्हा मी जपानी शिकत होते. ‘मुको सानगेन र्योदोनारी’ म्हणजे समोरची तीन घरे आणि दोन्ही बाजूंचे शेजारी. नव्या बिऱ्हाडाने या पाच घरी टॉवेलसारखी छोटी भेट देऊन ओळख करून घ्यायची, अशी तिकडची रीत. मी कामावर गेल्यावर आजारी आई एकटीच राहणार होती. मला शेजार हवाच होता, म्हणून पाच कोरे टॉवेल घेऊन मी निघाले.

समोरच्या सावंतकाकूंनी जाळीचे दार उघडलेच नाही. “काय गो, बिल्डरान धाडल्यान तुका? मी सही करूचंय नाय हां!”

“नाही हो काकू, शेजारी म्हणून आलेय.”

“फुकट कोण देता? ठेव तुझ्याकडेच.”

पुनर्विकासासाठी संमती गोळा करणारे अशाच भेटी वाटतात, हे मला कुठे ठाऊक होते? बाकीच्या चार घरांतही तेच झाले; सगळे टॉवेल परत आले.

दुसऱ्या दिवसापासून मात्र काकू दुपारी आमच्याकडे डोकावू लागल्या. चहा पिता पिता आईला विचारीत, “तुमच्याकडे तो बिल्डर कधी येता?” आई हसे, आणि दुपार झाली की त्यांची वाट पाही.

तेव्हा मला ती हेरगिरी वाटे. आज तसे ठामपणे म्हणवत नाही. संशयापोटी का होईना, रोज दार वाजवणाऱ्या बाईला तुम्ही शेजारीण म्हणाल का?