गॅसची बग्गी

आमच्या सोसायटीने बग्गी घ्यायची ठरवली, तेव्हा ती गॅसवरचीच घ्यायची हे मी सगळ्यांच्या गळी उतरवलं होतं. ते मला जमतं. बत्तीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं, तेही आठवीला. त्या वयाची पन्नास पोरं जिने गप्प बसवली, तिला सोसायटीची मीटिंग म्हणजे काय हो!

मुलुंड पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला आमची सोसायटी आहे. गेट खाली रस्त्याला लागून आणि आमची विंग सगळ्यात वर. मधला चढ असा उभा, की भाजीची पिशवी घेऊन येताना धडधाकट माणूससुद्धा दोनदा थांबतो. रिक्षावाले गेटवरूनच हात हलवतात, ‘ऊपर नहीं जाएगा.’ एखादा देवमाणूस तयार झालाच, तर वॉचमन सोडत नाही, कमिटीचा नियम आहे म्हणे. तेव्हा वर-खाली फिरायला सोसायटीचीच एक छोटी गाडी हवी, असं बरीच वर्षं चाललं होतं. तिला खरं म्हणजे गोल्फ कार्ट म्हणतात. गोल्फ आमच्या सात पिढ्यांत कुणी खेळलेलं नाही, त्यामुळे सगळे बग्गीच म्हणतात.

बाकीच्यांना ती सोय म्हणून हवी होती. मला हवी होती ती ह्यांच्यासाठी.

हे म्हणजे माझे मिस्टर. मालवणकडचे. अख्खी नोकरी बसच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं खोलण्यात गेली. निवृत्त झाल्यावर रोज सकाळी नऊच्या ठोक्याला खाली उतरायचे आणि गेटला लागून असलेल्या स्कूटरच्या गॅरेजमध्ये जाऊन बसायचे. गॅरेजवाला ह्यांच्यासाठी एक स्टूल ठेवायचा, आणि कुणाला न कळणारी भानगड आली की ती गाडी ह्यांच्यापुढे उभी करायचा. दुपारी जेवायला वर यायचे ते कोपरापर्यंत काळे हात घेऊन. मी रोज करवादायची, “अहो, रिटायर झालात ना तुम्ही?” ते नुसते हसायचे.

मग अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, देवाची कृपा. उजवा पाय मात्र ओढत चालतो आणि आवाज पार बारीक झाला. बोलणं स्वच्छ, डोकं शाबूत, फक्त आवाज असा की शेजारी पंखा लावला तरी ऐकू येत नाही. आठ महिने घरात होते. डॉक्टरकडे न्यायचं तर चाकाची खुर्ची, आणि उतारावर ती मागून धरायला दोन माणसं. त्या आठ महिन्यांत ह्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. “माका गॅरेजात जावचा आसा. एकट्याक.”

“एकट्याला कसं सोडू मी? मी येते ना सोबत.”

“मग नको.”

झालं! पुन्हा दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडायचे. मला राग यायचा. मी काय त्यांच्या वाईटावर होते?

तर मीटिंग. सेक्रेटरींनी कुठल्याशा डीलरकडून एक गुळगुळीत माहितीपत्रक आणलं होतं, सगळं इंग्रजीत. त्यात दोन प्रकार. एक इलेक्ट्रिक, एक गॅस. आता मला सांगा, मुंबईत गॅस म्हणजे काय? घरात शेगडीचा, रस्त्यावर रिक्षाचा. सगळ्या उपनगरांतल्या रिक्षा त्यावर पळतात, त्या गॅसच्या रांगा आपण रोज बघतो. त्यामुळे गॅसची बग्गी म्हणजे रिक्षाची चुलत बहीण, ह्यात मला तिळमात्र शंका नव्हती. मला नव्हती म्हणजे मग कुणालाच नव्हती.

सी विंगमधल्या चाळिशीतल्या एका इंजिनिअरला इलेक्ट्रिक हवी होती. तो उभा राहून म्हणाला, “काकी, बॅटरीची गाडी चढ आरामात चढते. रात्री पार्किंगमध्ये चार्जिंगला लावायची, सकाळी तयार.”

“आणि चार माणसं बसली की अर्ध्या चढावर मान टाकेल. मग ढकलणार कोण, तू?”

लोक हसले. तो बिचारा लाल झाला, पण हटला नाही. “बरं, गॅस भरायला बग्गी पंपावर जाणार कशी? तिला नंबर प्लेटच नसते.”

“नसली तर लावू! रिक्षा माळशेज घाट चढतात रे, तुझी बॅटरी चढेल का?”

माळशेज घाट चढणारी रिक्षा मी जन्मात पाहिलेली नव्हती. पण टाळ्या पडल्या. ठराव गॅसच्या बाजूने झाला, आणि पुढच्या रविवारी डीलरने दोन्ही गाड्या आणून दाखवाव्यात असं ठरलं. मी झोकात घरी आले.

कुकर लावता लावता ह्यांना सगळं रंगवून सांगितलं. ते पलंगावरून काहीतरी बोलले. शिट्टीत मला ऐकू आलं नाही.

“काय म्हणालात?”

“गॅस नाय गो तो.”

‘गॅस’ आणि ‘नाय’ एवढं मला पोचलं. मी धावत ओट्याशी गेले, दोन्ही बटणं तपासली, सिलिंडरचा कॉक बघितला. “चालू राहिलेला नाही हो, कुकरचाच आहे,” मी तिथूनच ओरडले. ह्यांनी डाव्या हाताने कपाळ बडवलं. मला वाटलं, डोकं दुखतंय. बाम लावून दिला.

त्या आठवड्यात त्यांनी अजून दोन-तीनदा प्रयत्न केला. एकदा टीव्ही चालू होता, एकदा मी फोनवर होते. “पेट्रोल” असा एक शब्द मला नीट ऐकू आला होता, पण घरात गाडी नाही, स्कूटर विकली, मग पेट्रोलचं काय? मी म्हटलं, वर्कशॉपच्या आठवणी निघताहेत.

रविवारी सकाळी डीलरचा माणूस टेम्पोतून दोन्ही बग्ग्या घेऊन आला. पन्नाशीचा शांत गृहस्थ, जळगावकडचा. निम्मी सोसायटी आमच्या विंगखाली जमली होती. ह्यांनाही मी चाकाच्या खुर्चीत बसवून खाली आणलं, काठी हातात दिली. मग कमरेवर हात ठेवून मी विचारलं, “हं, त्या गॅसवालीची टाकी दाखवा बघू.”

त्याने सीटखालचं झाकण उघडलं. भपकन वास आला. जो वास आला तो सगळ्यांना ओळखता येत होता.

“हे तर पेट्रोल आहे,” सेक्रेटरी म्हणाले.

“पेट्रोलच, साहेब. तिकडे परदेशात पेट्रोलला गॅस म्हणतात. कागदावर तसंच छापतात.”

मग असे हसले सगळे, असे हसले! सी विंगवाला सगळ्यात कमी हसला, हे मी त्याच्या बाजूने सांगून ठेवते. माझे कान तापले. आणि तेवढ्यात खुर्चीतून बारीक आवाज आला, “आठ दिस सांगतंय.”

मी वळून पाहिलं. हे माझ्याकडे बघत होते, आणि चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. नुसते दमलेले दिसत होते. ज्या माणसाला इंजिनातलं सगळं कळतं, त्याच्याच घरात मी इंजिनावर भाषणं ठोकत होते आणि त्याला बाम लावत होते. मला माझीच लाज वाटली.

पण हार मानेन तर ती मी कसली! “पेट्रोल तर पेट्रोल,” मी म्हटलं. “चढाला दम तरी असेल. चला हो, बसा.” ह्यांना मागच्या सीटवर बसवलं, शेजारी मी. डीलरचा माणूस चालवायला बसला, गाडी सुरू झाली आणि सीटखाली फटफट फटफट असा आवाज सुरू झाला की कानठळ्या. दमदार होती, खोटं का बोलू? झकास उतरली. गेटशी आलो तेव्हा हे ड्रायव्हरच्या पाठीकडे बघून काहीतरी बोलले. ड्रायव्हरने गाडी गोल वळवली. हे पुन्हा बोलले. मी त्यांचे ओठ पाहिले, “थांब” म्हणत होते. तिसऱ्यांदा म्हणाले. गाडी वर निघाली. मग मीच ओरडले, “ओ भाऊ, थांबा, ह्यांना उतरायचंय!”

गाडी थांबली. ह्यांनी मान हलवली. “नको. चल वर.”

गॅरेज समोर दहा पावलांवर होतं. ह्या गाडीत बसायचं तर ह्यांना कायम माझं तोंड उसनं घ्यावं लागणार, आणि नेमकं तेच त्यांना नको होतं. एकट्याक, एकट्याक म्हणून ते आठ महिने काय सांगत होते, ते त्या दिवशी माझ्या डोक्यात शिरलं.

वर आल्यावर ह्यांना इलेक्ट्रिकमध्ये बसवलं. मी सवयीने शेजारी पाय ठेवला.

“तू नको.”

“अहो, उतरताना पडलात तर?”

“तू नको.”

सगळे बघत होते. सी विंगवाला हळूच म्हणाला, “काकी, जाऊ द्या ना.” मी पाय खाली घेतला. आयुष्यात मला इतकं जड काही गेलं नसेल.

बग्गी निघाली ती निघाल्याचं कळलंसुद्धा नाही. वळणावरून गेली आणि संपलं. पेट्रोलची असती तर गेटपर्यंत फटफट ऐकू आली असती. ही कुठवर पोचली, थांबली, उलटली, काही पत्ता नाही. मी मनात सतराचा पाढा म्हणायला लागले. मग एकोणिसाचा. एकोणिसाचा संपला तेव्हा वळणावर बग्गी दिसली, आणि मागची सीट रिकामी.

“अहो, हे कुठायत?”

“काका? उतरले की गेटपाशी. थांब म्हणाले, म्हणून थांबलो.”

“तुम्हाला ऐकू आलं?”

“आलं ना. ह्या गाडीत आवाजच कुठाय?” तो म्हणाला. “हात द्यायला गेलो, तर नको म्हणाले. बॅटरीत पाणी वेळेवर घाला, असंही सांगितलं मला.”

मी धावले. ह्या वयात, उतारावर, घरातल्या सपाता पायात! गेटच्या बाहेर आले आणि गॅरेजपाशी थबकले. हे स्टुलावर बसले होते. काठी भिंतीला. समोर एक स्कूटर खोललेली, आणि गॅरेजवाला गुडघ्यांवर बसून कान ह्यांच्या तोंडाजवळ नेऊन ऐकत होता. ऐकून त्याने आत हात घातला. ह्यांनी नकारार्थी बोट हलवलं, मग स्वतःचा डावा हात आत घातला.

मान वर केली तेव्हा मी दिसले. “तू कित्याक इलंस?”

“कोथिंबीर आणायला,” मी म्हटलं. पिशवी नव्हती माझ्याकडे, पाकीट नव्हतं. ते मान खाली घालून पुन्हा कामाला लागले.

बग्गी बोलावता आली असती, पण मी चालतच वर निघाले. अर्ध्या चढावर थांबून पदराने डोळे पुसले, घामही पुसला. वर सगळे माझी वाट बघत उभे होते.

“इलेक्ट्रिक लिहा,” मी सेक्रेटरींना सांगितलं. “आणि मागच्या मीटिंगमध्ये मी जे बोलले ते सगळं चूक होतं, तेही लिहा.”

“बरं, काकी,” ते म्हणाले. “पण काका कुठे राहिले?”

“हे ना? हे कामावर गेलेत.”