चहाच्या टेबलावरचं हसू

भौतिकशास्त्र संस्थेच्या संगणक विभागात तिला सगळे 'चाळणी' म्हणत, आणि तिलाही त्याचं कौतुकच होतं. आकड्यांत खडा असला की तिच्या नजरेतून सुटायची सोय नव्हती. प्रोटॉनच्या पोटातले क्वार्क नावाचे तीन बारके कण तोलले, तर त्याच्या वजनाचा जेमतेम शंभरावा भाग भरतो. बाकीचं वजन येतं ते त्यांच्या आपसातल्या ओढाताणीतून. हे तिने एकदा सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "म्हणजे आपल्या घरासारखंच की!"

चार वर्षं ती अशाच एका जड कणाचं वजन नुसत्या गणितातून काढत होती. प्रयोगात ते आधीच मोजलेलं होतं, आणि खरी भीती तीच. मन मोठं लबाड, ओळखीच्या उत्तराकडे आपसूक झुकतं. म्हणून गटाचा शिरस्ता असा, की सगळ्या हिशेबाला एका गुप्त आकड्याने गुणून ठेवायचं. काम संपेपर्यंत तो आकडा एकाच माणसाला ठाऊक. यंदा तो माणूस त्याच गटात काम करणारा तिचा नवरा होता. घरी याबाबत तोंडाला कुलूप.

एका सकाळी चहा ओतताना ती बोलून गेली, "आलेखाच्या सुरुवातीच्या बिंदूंत भेसळ वाटतेय. टाकूनच द्यावेत म्हणते."

तो बोलला काहीच नाही. नुसता हसला. तिने बिंदू टाकून दिले आणि गुणलेलं उत्तर थोडं सरकलं.

बैठकीत त्याने गुप्त आकडा सांगितला, फळ्यावर भागाकार झाला आणि उत्तर प्रयोगाशी तंतोतंत जुळलं. टाळ्या पडल्या. तिला मात्र त्या सकाळचं हसू आठवलं. बोलावं तर चार वर्षांवर पाणी, शिवाय नवरा सगळ्यांसमोर तोंडघशी. गप्प बसावं तर झोप उडणार. ती उभी राहिली आणि तिने चहाच्या टेबलावरचं सगळं सांगून टाकलं.

"अगं, मी एक शब्द तरी बोललो का?" नवऱ्याचे कान लाल झाले होते.

"नाही बोललास. हसलास."

गटाच्या प्रमुख सरांनी चष्मा काढला. "बिंदू टाकायला कारण होतं?"

"होतं सर. चांगलं होतं."

"मग हा हसला नसता, तरी टाकले असतेस?"

तिला 'हो' म्हणायचं होतं, अगदी जीव तोडून म्हणायचं होतं. नवरा तिच्याकडेच बघत होता. तिने ती सकाळ पुन्हा पुन्हा आठवून पाहिली.

"ठाऊक नाही," ती म्हणाली.

सर उठले आणि फळ्यावरचं ते बरोबर आलेलं उत्तर पुसू लागले.