टाळी न वाजवणारी ताई

देवाने बाकीची माणसं घडवताना कापड बेताबेतानेच वापरलं असणार, पण माझ्या मोठ्या आतेबहिणीच्या वेळी त्याने अख्खं ठाण उलगडलं आणि कात्री कुठे ठेवली तेच विसरला. बदलापूरच्या शेअर रिक्षात ताई मधे बसली की दोन्ही बाजूंच्या प्रवाशांना आपण घरच्याच माणसांत बसलोय असं वाटायला लागायचं. "उभ्या रेघांचं घालत जा, बारीक दिसशील," असं कुणी प्रेमाने सुचवलं, की दुसऱ्या दिवशी ताई आडव्या पट्ट्यांचा ड्रेस घालून, वर पिवळी ओढणी घेऊन हजर. "बारीक दिसून काय करू? एवढी मी आहे, तर दिसू दे की सगळी," असं म्हणून ती समोरच्या बशीतला उरलेला बटाटेवडाही उचलायची.

ही माझी आतेबहीण मी पाचवीत जाईपर्यंत माझा आतेभाऊ होती. तेव्हाचं नाव मी सांगणार नाही. शाळेच्या पहिल्या वर्षी शिवलेली चड्डी दहावीला घालायला लावावी, तसं ते नाव तिला सगळीकडून काचायचं. एका दिवाळीला ती मोरपंखी साडी नेसून आमच्या अंबरनाथच्या घरी फराळाला आली, चकली खाल्ली, "मोहन कमी पडलंय गं मामी," असं माझ्या आईला सांगितलं आणि गेली. आईला साडीपेक्षा मोहनाचंच जास्त लागलं. त्या दिवसापासून आमच्याकडे ती ताईच झाली.

आत्याचं मात्र तसं नव्हतं. आत्या वाईट नव्हती. तिने ताईला घराबाहेर काढलं नाही, ताईच्या आवडीची वालाची उसळ करायची कधी चुकवली नाही, आणि ताईला ताप आला तर रात्रभर उशाशी बसायची. पण चारचौघांत ती ताईला कधी पुढे आणायची नाही. दरवर्षी संक्रांतीनंतर बदलापूरला आत्याकडे मोठं हळदीकुंकू असायचं. इमारतीतल्या, आळीतल्या, भिशीतल्या बायका यायच्या, बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरली जायची, आणि ताई स्वयंपाकघरात बटाटेवडे तळत उभी असायची. वडे बाहेर नेऊन द्यायचं काम माझं. ताई दाराच्या पडद्याआडून बाहेरच्या साड्या बघायची आणि मला हळूच विचारायची, "ती जांभळी नारायणपेठ कोणाची गं? छान आहे." एरवी अख्ख्या बाजाराला आवाज ऐकू जाईल असं बोलणारी ही बाई त्या दिवशी कुजबुजायची, ते मला अजिबात आवडायचं नाही. "जाऊन बस ना तिथे," मी म्हणायचे. "आईने बोलावलं की बसेन," ती म्हणायची, आणि पुढचा घाणा कढईत सोडायची.

ताईची नोकरी उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या एका सिंधी शेठच्या कपड्यांच्या दुकानात. शेठच्या बायकोने पहिल्याच दिवशी तिला 'अदी' म्हणायला सुरुवात केली; सिंधीत मोठ्या बहिणीला तसं म्हणतात. शेठ स्वतः काडीसारखा बारीक, आणि त्याचा दुकानातल्या मापांवर फार विश्वास होता. ताईचा मात्र जगातल्या कुठल्याच मापावर नव्हता. गाऊन आणि कुर्त्यांच्या मानेला ती 'डबल', 'ट्रिपल' अशी इंग्रजी अक्षरांची पट्टी असते ना, ती ताई गिऱ्हाइकाच्या हातात कपडा देण्याआधी कात्रीने कापून टाकायची. शेठ ओरडायचा, "अरे साईं, साइज कैसे मालूम पडेगा?" ताई म्हणायची, "मी इथे कशाला उभी आहे मग? बाई बघितली की मला माप कळतं, आणि बाईला आपलं माप कळून काय करायचंय?" गिऱ्हाईक बाई दुकानात शिरून चोरट्या आवाजात "जरा मोठ्यातलं दाखवा" म्हणाली, की ताई सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणायची, "मोठ्यातलंच चांगलं असतं हो! छोट्यात फुलं कुठे मावतात?" आणि बाई हसत हसत दोन घेऊन जायची. एक मिशीवाले गृहस्थ होते. ते बायकोच्या नावाने गाऊन घ्यायला यायचे आणि आरशासमोर हळूच स्वतःच्या खांद्याला लावून बघायचे. ताई त्यांच्याकडे पाठ करून घड्या घालत बसायची आणि घड्या घालता घालताच सांगायची, "वहिनींना पिस्ता रंग खुलेल बघा." ते पिस्ताच घेऊन जायचे.

पण ताईचा खरा जीव टीव्हीत. रात्रीच्या मालिका ती भांडायलाच बघायची. "हे बघ," ती मला म्हणायची, "एवढं मोठं खानदान, जिन्यावरून उतरणारी माणसं संपता संपत नाहीत, आणि एक जाडी काकू नाही? कुणाच्या घरात नसते गं? आणि असलीच तर ती सारखी खात तरी असते, नाहीतर पडत तरी असते. मी खाते, पण मी पडले का कधी?" मग म्हणायची, "आणि माझ्यासारखी तर दारापर्यंतच. येते, टाळ्या वाजवते, जाते. सेटवरचं घर खोटं असतं, भिंती पुठ्ठ्याच्या असतात. त्या खोट्या घरात तरी आत घ्यायचं ना."

हे तिला माहीत होतं, कारण सुट्टीच्या दिवशी ती मुंबईला शूटिंगमध्ये गर्दीत उभी राहायला जायची. गर्दी पुरवणारा एक माणूस होता, त्याचा फोन यायचा. एकदा तिला जाडी बाई म्हणून बोलावलं. खुर्चीवर बसायचं, खुर्ची मोडणार, ताई पडणार आणि सगळे हसणार, असा प्रसंग. खुर्चीचा पाय आधीच करवतीने अर्धा कापून ठेवलेला. ताई पदर सावरून अशी काही अलगद बसली की खुर्ची हूं की चूं करेना. पुन्हा बसवलं, पुन्हा तेच. शेवटी दिग्दर्शक चिडला आणि "असं आदळायचं!" म्हणत स्वतः बसून दाखवायला गेला. तो हातपाय वर करून जमिनीवर. सगळा सेट हसला, ताई सोडून. ती त्याला हात देऊन उठवत म्हणाली, "लागलं का हो? हसण्यासारखं नसतं ना ते?" त्यानंतर कित्येक महिने फोन आला नाही.

पुढे आला तो लग्नाच्या प्रसंगासाठी. मांडवात शिरायचं, टाळ्या वाजवायच्या, नवरदेवाच्या गालाला हात लावायचा. ताई म्हणाली, "लग्नात मी अक्षता टाकते." ती गेली आणि मंगलाष्टकांच्या वेळी बायकांच्या घोळक्यात उभी राहून मनापासून अक्षता टाकत राहिली. तिला हाकललं हे सांगायला नको. घरी आली ती रडलेली होती, आणि त्या दिवसापासून तिने टाळी वाजवणंच सोडलं. कुठेही नाही, कशालाही नाही. वाढदिवसाला केक कापला की ती हात मागे बांधून सगळ्यांत मोठ्याने गाणं म्हणायची. गणपतीच्या आरतीत पंचाईत व्हायला लागली, तेव्हा तिने बाजारातून पितळेची भलीमोठी झांज आणली आणि ती अशा जोरात वाजवायला लागली की आतोबांनी आरतीला कानात कापूस घालायला सुरुवात केली. "टाळी मी देवाला पण देणार नाही," ती म्हणायची. "माझी मला वाटेल तेव्हा वाजवीन."

आणि मग ते हळदीकुंकू आलं. आत्या एक मालिका अगदी पोथीसारखी नेमाने बघायची. त्या मालिकेतही संक्रांत आमच्याच संक्रांतीच्या सुमाराला यायची, आणि त्या हळदीकुंकवासाठी बायका हव्या होत्या. भराभर, दिसतील त्या. ताई गेली. तिला आधी सांगितलं, मागे बस. ती मागे बसली. मग कॅमेराच मागच्या बाजूला आणला आणि मागची रांग पुढची झाली. नायिका बिचारी सकाळपासून उभी राहून दमलेली. रांगेतल्या एकेकीला कुंकू लावत ती ताईपाशी आली, ताईने मान वर केली, तिने लावलं आणि पुढे गेली. बस. मग पुन्हा रीटेक, क्रीम लावून कुंकू पुसायचं, पुन्हा लावायचं. "अगं, कुणी काही बोललंच नाही," ताई मला सांगत होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "कुणाचं लक्षच गेलं नाही माझ्याकडे! नुसती एक बाई बसल्ये हळदीकुंकवाला. इतकी मज्जा आली म्हणून सांगू."

तो भाग आत्याने बघावा एवढंच ताईला हवं होतं. पण तसं आत्याला सांगायची तिची छाती होईना, आणि ते दिवस लोडशेडिंगचे. नेमकी त्याच आठवड्यात बदलापूरची वेळ बदलली आणि मालिकेच्या वेळेलाच आमच्या दोन्ही गावांत अंधार. आत्या कासावीस झाली, कारण मालिकेतल्या सासूचं पहिलं लग्न त्याच दिवशी उघडकीला येणार होतं. मी म्हटलं, "ताईच्या शेठकडे जनरेटर आहे. टीव्ही पण आहे." इतक्या वर्षांत आत्याने त्या दुकानात पाऊल टाकलं नव्हतं. ती चपला घालत म्हणाली, "मी मालिकेसाठी येत्ये हां. दुसऱ्या कशासाठी नाही."

दुकानात शेठच्या बायकोने धावत येऊन आत्याला गल्ल्याजवळची गादी दिली आणि सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकवलं, "अदी की मम्मी है! देखो, बिलकुल अदी पे गयी है!" आईच लेकीवर गेली म्हणतात, हे ऐकून आत्या जरा गोंधळली. समोर शेठने थंड बाटली ठेवली, जनरेटर धडधडायला लागला, मालिका सुरू झाली. सासूच्या पहिल्या लग्नाचं काहीच निघालं नाही, ते पुढच्या भागावर ढकललं. आत्या चडफडत होती. आणि जाहिरातीनंतर हळदीकुंकू लागलं. साड्या, तिळगूळ, नायिकेचा हात, आणि मग पडदाभर ताईचा चेहरा. मान वर केलेली, डोळे मिटलेले. नायिकेने कुंकू लावलं, मग हळद लावली आणि ती पुढच्या बाईकडे गेली.

दुकान नुसतं उसळलं. शेठ शिट्ट्या मारायला लागला, गिऱ्हाईक बाया टाळ्या वाजवायला लागल्या, पिस्ता रंगवाले गृहस्थ नेमके तिथे होते, त्यांनी रुमालाने डोळे पुसले. ताई गाऊनच्या गठ्ठ्याआड उभी राहून फक्त आत्याकडे बघत होती. मी पण आत्याकडेच बघत होते. आत्याच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या.

"काय बाई ही नायिका," आत्या कडाडली, "आधी कुंकू लावलं! आधी कुंकू आणि मग हळद? आईने काही शिकवलं नाही का हिला? माझ्या पोरीच्या कपाळावर नुसते फराटे ओढून ठेवले!" मग ती गठ्ठ्यांकडे वळली आणि त्याच रागात म्हणाली, "रविवारी आपल्याकडे आहे ना. बाहेर येऊन बस. मी लावते तुला नीट. आधी हळद, मग कुंकू. आणि वड्यांऐवजी आदल्या दिवशी वाटाणे भिजत घालून उसळ करू, त्या तळणात अडकायला नको."

जनरेटर धडधडतच होता. आणि ताईने टाळी वाजवली. एकच, पण अशी खणखणीत, की शेठ दचकून बाजूला झाला. वाजवल्यावर तिने स्वतःच्याच हातांकडे बघितलं आणि मग ती जी हसायला लागली, ती दुकान बंद होईपर्यंत हसतच होती.

त्या रविवारी ताई सतरंजीवर मधोमध बसली, जांभळ्या नारायणपेठेच्या शेजारी. बायकांनी उखाण्याचा आग्रह केला तर तिने सरळ मालिकेतल्या नायकाचं नाव घेतलं आणि कुणालाच हसू आवरेना. आत्याने तिला नीट हळद लावली, नीट कुंकू लावलं आणि सगळ्यांसारखंच वाण दिलं. त्या वर्षी आत्याचं वाण म्हणजे चहाची गाळणी होती.

आता आत्या नाही. संक्रांतीनंतरचं हळदीकुंकू ताई करते, बदलापूरच्या त्याच खोलीत, आणि ज्यांना कुणी कुठे बोलावत नाही अशा बायकांना मुद्दाम बोलावते. मी दरवर्षी जाते. बायका गेल्या की आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसतो आणि ताई त्याच गाळणीतून चहा गाळते. तिची जाळी एका कडेने सुटली आहे, चहाबरोबर अर्धी पत्ती कपात येते. परवा मी म्हटलंच, "ताई, नवी घे की आता एखादी."

"आईचं वाण आहे गं ते," ती म्हणाली, आणि गाळणी धुऊन, पुसून पुन्हा खिळ्याला टांगली. मी पत्ती दाताखाली चावत उरलेला चहा संपवला.