इनासच्या जाळ्यातल्या चुका

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, चर्चमध्ये पापकबुलीला गुडघे टेकले तेव्हाही नाही — तिथं शेजारणीशी भांडल्याचं सांगून उठून यायचे. आता थकले. तुम्हाला सांगते.

इनास माझा धाकटा भाऊ. आम्ही उत्तनचे, कोळी ख्रिस्ती. पंच्याहत्तरच्या आसपासचं हे. नायलॉनची जाळी आमच्याकडे नुकती आली होती. त्याच्यासारखं जाळं विणणारा किनाऱ्यावर दुसरा नव्हता. पण त्याचं मन महिनोन् महिने भरतीला, नाहीतर ओहोटीला. भरतीत चार माणसांचं काम एकटा उपसायचा, गावभर गाणी म्हणत फिरायचा. ओहोटीत भिंतीकडे तोंड. अशाच एका ओहोटीत त्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला होता. वाचला.

मुंबईच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी लिथियमच्या गोळ्या सुरू केल्या. दर महिन्याला रक्त तपासायच्या. मी सातवी शिकलेली, म्हणून मलाच बजावलं — मागच्या वेळी आधी त्याची झोप तुटली, मग हातातल्या कामात चुका व्हायला लागल्या. पुन्हा तसं दिसलं तर थांबू नका, त्याच दिवशी घेऊन या. आणखी किती सोपं करून सांगायचं माणसानं?

त्या पावसाळ्यात माझं लग्न ठरलं. वय एकोणतीस — दोन स्थळं इनासच्या आजारापायी आधीच मोडलेली. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं वाचतात, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. पहिला रविवार झाला, आणि इनासच्या जाळ्यात मला चुका दिसल्या. एक आस — म्हणजे जाळ्याचं भोक — दोन बोटांचा, तर शेजारचा तीन. गाठी ढिल्या. झोपही उडालेली. "बाय, बोटा आयकत न्हाय माजी," एवढंच म्हणाला.

मग मी काय केलं? दुपारी तो धक्क्यावर जाऊन बसला की त्याच्या चुकलेल्या गाठी उसवायचे, नीट आस विणून ठेवायचे. गावात बोभाटा नको. तेवढ्यात महिन्याची फेरी आली. रक्तात औषध बरोबर निघालं. बाकीचं मीच सांगायचं होतं. बाईंनी विचारलं — झोप? काम? इनास माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "सगला ठीक हाय."

दोनच रविवार राहिले होते. ते झाले की घेऊन येईन, असं स्वतःला बजावत होते. खरं सांगू? मला लग्न हवं होतं. त्याच्यापेक्षा जास्त हवं होतं.

दुसऱ्या रविवारनंतरच्या गुरुवारी इनासनं जीव दिला.

मातीला आलेले मामा ओट्यावरचं जाळं हातात घेऊन बसले. एकेक आस बोटांनी चाचपून पाहिला. म्हणाले, "सेवटपरत हात सरल व्हता पोराचा. कोनाला कसा कलनार?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्या एका वाक्याच्या आधारावर ती पुढं बावीस वर्षं जगली.

लग्न वर्षभर पुढं गेलं, पण झालं. नावं पुन्हा पहिल्यापासून वाचली. तिन्ही रविवार मी पुढच्या बाकावर बसले होते. हरकत कुणीच घेतली नाही.