शर्यतीतली ओटी

रस्त्यावर बाया माझ्या सुनेची ओटी भरत होत्या आणि शर्यतीत तिच्या पुढं असलेली पोरगी चढ ओलांडून दिसेनाशी झाली. बायांना घाई नव्हती. एकीनं सुनेचं हेल्मेट काढून कुंकू लावलं. दुसरी पिशवीत खण धुंडत होती. तिसरी तिला म्हणाली, "आगं, ही ओटी देवीची व्हती न्हवं?" ती म्हणाली, "देवीला तुळजापुरात दुसरी घिऊ. ही बाई कुठं पुन्हा घावायची?"

पहिली येईल तिलाच राज्याच्या संघात जागा होती. सुनेचं वय झालं होतं. तिच्या सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, यंदा जमलं तर जमलं.

मी शर्यतीच्या मागच्या टेंपोत होते. उतरून ओरडले, "आवो, शर्यत हाय ही! सोडा तिला!"

"आजी, सवाष्ण हाय. रिकामी कशी जाऊ द्यायची?"

"तिला पदर न्हाय. कशात भरता?"

मला वाटलं, आता गप बसतील. एकीनं खांद्यावरचा टॉवेल काढला आणि सुनेच्या गुडघ्यांवर पसरला.

सुनेनं त्यांना झटकून निघायला पाहिजे होतं. ती मान खाली घालून बसली. मला म्हणाली, "आत्या, भरू द्या. ओटीला नको म्हणत न्हाईत."

घरात ही बाई माझं एक ऐकत नाही.

लग्नानंतर काही वर्षांनी ती सोयाबीनच्या पोत्यांवरून, ट्रॉलीतून खाली पडली. कंबरेखालचं सगळं गेलं. पाहुणे म्हणाले, माहेरी पाठवा. मी म्हटलं, हात आहेत की. भाकरी हातानं थापतात. तिला तीन चाकांची हातानं फिरवायची सायकल मिळाली. त्यावरून ती जळकोटच्या बाजारात मोटारसायकलवाल्यांना मागं टाकून जायची आणि शिव्या खायची. तिथंच अपंगांच्या शाळेतल्या सरांनी तिला पाहिलं.

मग शर्यतीची खुर्ची आली. मागं दोन तिरकी चाकं आणि पुढं लांब दांडीवर एक लहान चाक. गावानं ती बघायला गर्दी केली. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "तिफण म्हणावं तर फण न्हाईत. बैल कुठं जुंपता?" सून म्हणाली, "बैल मीच हाय, मामा." तीत पाय दुमडून बसायचं, छाती गुडघ्यांवर टेकवायची आणि जाड हातमोजे घालून चाकांना बुक्क्या मारत जायचं. तिनं जिल्ह्यात मैदान मारलं, विभागात मारलं. कपाटात मेडलं झाली तेव्हा मी साड्या पेटीत हलवल्या.

ही शर्यत नळदुर्गाकडून तुळजापूरच्या दिशेनं होती. ठरवणारे साहेब लांबचे. त्यांनी पंचांग पाहिलं नाही. कोजागिरीला आमच्या रस्त्यांनी माणसं चालत देवीला येतात, कर्नाटकातूनसुद्धा. पोलिसांनी गाड्या बंद केल्या. चालणाऱ्यांना कोण बंद करणार? त्यांना वाटलं, यंदा सरकारनं आपल्यासाठीच रस्ता मोकळा केलाय. ते रुंद पसरून चालले. त्यांच्यात मान खाली घालून हातानं वाट रेटत ही बाई आली. इथं लोक दंडवत घालत देवीला जातात. हा त्याहून कडक नवस, असं त्यांनी धरलं.

ओटी भरून झाली तेव्हा मी त्यांना पुन्हा सांगितलं, शर्यत आहे, ही हरायला लागलीय. बाया हळहळल्या. दोघी लगेच खुर्ची ढकलायला धावल्या.

"हात लावू नका! ढकललं की बाद!"

"आस्सं? मग काय करावं?"

"वाट करा."

त्या पदर खोचून पुढं पळाल्या. "आई राजा उदे उदे! बाजूला व्हा, नवसाची बाई हाय!" नवस नाही हे मी आत्ताच सांगितलं होतं. पण माणसं बाजूला झाली. सून सुटली. नारळ टॉवेलात गुंडाळून पोटाशी बांधला होता आणि तांदूळ मागं सांडत होते. मी टेंपोत चढले.

चढापलीकडं पाहिलं तर पुढची पोरगी रस्त्यात अडकलेली. तिचं लग्न झालं नव्हतं, म्हणून ओटीतून सुटली. पण दुसऱ्या बायांनी तिला कुमारिका म्हणून गाठलं होतं आणि कुमारिकेचे पाय धुवायचे असतात. तिचे पाय पट्ट्यांनी खुर्चीला बांधलेले. दोन म्हाताऱ्या त्या पट्ट्या सोडत बसल्या होत्या, तिसरी तांब्या घेऊन उभी. पोरगी रडकुंडीला येऊन म्हणत होती, "मावशी, पाय स्वच्छ आहेत हो माझे."

"असू दे गं बाय. आमच्या पुण्याचं बघ."

सून तिच्या शेजारून गेली. गेली म्हणजे गेलीच. थांबली नाही, वळून पाहिलं नाही. मला बरं वाटलं.

सून पहिली आली. पोरीच्या सरांनी तक्रार केली की हिला बाहेरची मदत झाली. साहेबांनी टॉवेल सोडून आतलं तपासलं.

मी म्हटलं, "साहेब, नारळानं गाडी पळती व्हय?"

त्यांनी सरांना विचारलं, "तुमच्या मुलीला अडवलं ते कोणी?"

"बायांनी."

"हिला?"

"बायांनीच."

साहेबांनी निकाल कायम ठेवला आणि पाणी मागितलं. सून संघात गेली. तिकडं मोठ्या स्पर्धेत ती शेवटून दुसरी आली. अजून पळते.

त्या दिवशी आणखी तिघी शर्यतीत होत्या. एकीचं चाक खणात गुंतलं. एक कंटाळून झाडाखाली प्रसाद खात बसली. तिसरी गर्दीबरोबर शर्यतीची वाट सोडून निघाली ती सरळ तुळजापुरात, दर्शन घेऊनच परतली. शेवटच्या रेषेपर्यंत दोघीच आल्या, माझी सून आणि ती पोरगी.