दोन-दोन कार्डं मागणारी आर्डिस

माझ्या सासूबाईंना, आर्डिसना, कशाकशाची भीती वाटते ते सांगत बसले तर इथला हिवाळासुद्धा सरेल. बर्फावर घसरण्याची, शेगडी चालू राहिल्याची, गाडी डावीकडे वळवण्याची. चर्चला जाताना बाई तीनदा उजवीकडे वळतात, पण एकदा डावीकडे वळत नाहीत. भित्री भागूबाई नुसती! मी त्यांना तोंडावर म्हणायचे आणि त्या हसायच्या.

एक भीती मात्र उगाच नव्हती. त्यांनी जन्मभर शाळेची बस चालवली. अगदी नव्या होत्या तेव्हा एक पोरगा मागच्या बाकावर झोपून राहिला आणि बस डेपोत बंद झाली. बाहेर श्वास गोठेल अशी थंडी. डेपोत झाडलोट करणारी बाई आत शिरली तसा तो पोरगा घाबरून बाकाखाली लपला, हाका मारल्या तरी बाहेर येईना. ती बाई त्याची सख्खी मावशी होती. घरच्या भांडणामुळे त्याने तिला कधी पाहिलंच नव्हतं.

"स्वतःच्या मावशीला भ्यायलं गं पोर," त्या मला सांगायच्या, आणि अजूनही त्यांच्या अंगावर काटा यायचा. "आपलं माणूस आपलं आहे हे पोराला कळायला नको?"

तेव्हापासून त्यांनी नाताळचं एकही कार्ड फेकलं नाही. आमच्या मिनेसोटात डिसेंबर लागला की घरोघरून फोटोची कार्डं येतात. एकसारखे स्वेटर घातलेलं कुटुंब, कुत्र्याच्या गळ्यात बो, कडेवरचं बाळ हमखास रडकं. जानेवारीत प्रश्न पडतो, लोकांची हसरी तोंडं कचऱ्यात टाकायची कशी? आम्ही बाकीचे डोळे मिटून टाकतो. आर्डिस मात्र कात्री घेऊन बसायच्या. काही कार्डांना भोक पाडून, कडीत ओवून, त्या वर्षाचा जुडगा स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लावायच्या. काहींमधले चेहरे कापून पुढच्या नाताळच्या भेटवस्तूंवर चिकटवायच्या, म्हणजे वाचता न येणारं पोरही आपला खोका बरोबर शोधायचं. मोठं कार्ड असलं तर कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर डकवून त्याच्या पट्ट्या कापायच्या आणि जोडायचं कोडं करायच्या.

आणि त्यांचा खास खेळ म्हणजे जोड्या. त्यासाठी त्या सगळ्यांना फोन करून सांगायच्या, "कार्ड छान आलंय हो, पण अजून एक पाठवा." सगळी कार्डं जमिनीवर पालथी मांडायची, दोन उघडायची, एकच कुटुंब निघालं तर जोडी तुमची. माझी लेक टिल्डा धड बोलायला लागायच्या आधी या खेळात मला हरवायची. सगळे नातेवाईक आर्डिसना हसायचे. सगळ्यांत जास्त मी हसायचे.

त्यांचा थोरला मुलगा कर्ट दर वर्षी न मागता दोन कार्डं पाठवायचा. कार्डावर तो एकटाच असायचा, नारिंगी टोपीत, शेजारी त्याची काळी-पांढरी कुत्री डॉटी. माझ्या नवऱ्याने, ब्रेंटने, त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. कर्टने दारू पिऊन बर्फावरची मोटरसायकल चालवली, ब्रेंट मागे बसलेला, आणि ती आमच्याच तळ्यावर उलटली. ब्रेंट अजून लंगडतो. कर्टने त्यानंतर दारू सोडली असं आर्डिस सांगायच्या, पण ब्रेंट ऐकायचा नाही. खेळात कर्टचं तोंड दिसल्यावर तो आईवर कडाडला होता.

"हे कार्ड इथून गेलं पाहिजे, आई. नाहीतर टिल्डाला तुझ्याकडे पाठवणार नाही."

"काढते रे, काढते," आर्डिस म्हणाल्या होत्या. टिल्डा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्यांचा चेहरा पांढराफटक पडलेला मला आठवतो.

तर फेब्रुवारीतली गोष्ट. गोठलेल्या तळ्यावर मासे धरायची स्पर्धा होती, म्हणजे सगळं गाव बर्फावर. मोटारी, खोपटी, पालथ्या बादल्यांवर बसून बर्फातल्या भोकांत गळ टाकलेली माणसं, आणि एका बाजूला बर्फ कापून केलेला चौकोनी हौद. दुपारी हौशी लोक त्यात उड्या मारणार होते. भोवती नुसती एक दोरी बांधलेली. कोकोचे पेले घ्यायला मी टिल्डाचा हात सोडला. वळले, तर टिल्डा नाही.

आधी मी चिडले. मग हाक मारली. मग ओरडायला लागले. बर्फावर सगळी पोरं सारखीच दिसतात, सगळी फुगलेल्या कपड्यांत, टोप्या नाकापर्यंत. मी एकाला धरून वळवलं, दुसऱ्याला वळवलं, त्यांच्या आया माझ्याकडे बघत राहिल्या. ब्रेंट एका दिशेला लंगडत पळाला. आर्डिस माझी बाही सोडेनात.

"पाण्याकडे बघ मार्नी, आधी पाण्याकडे," त्या म्हणत होत्या.

"गप्प बसा हो आई! उगाच अभद्र बोलू नका!" मी खेकसले. पण पाय तिकडेच गेले.

हौदाजवळ अग्निशमन दलाचा एक माणूस गुडघ्यांवर बसला होता. त्याच्याकडे टिल्डाचा गुलाबी हातमोजा होता. पाण्यावर बर्फाची पातळ साय धरली होती, आणि काठाशी एका जागी ती फुटली होती. खालचं पाणी काळं होतं. तो माणूस लांब आकडी पाण्यात घालत होता. मी खाली बसले, आणि मला वाटलं आता मी पुन्हा कधी उठणार नाही.

तेवढ्यात बादलीवर बसलेला एक म्हातारा ओरडला, "अहो, लहान मुलगी शोधताय का? एका माणसाचा हात धरून खोपट्यांकडे गेली. उंच होता, नारिंगी टोपीवाला."

पाण्यातून सुटले आणि दुसऱ्या भीतीत पडले. कोणी नेली माझी पोर? कुठे नेली? ब्रेंट धापा टाकत आला होता, हातमोजा त्याने मागून घेतला होता; त्यानेही ऐकलं.

"बरोबर कुत्री होती का?" आर्डिसनी म्हाताऱ्याला विचारलं. "काळी-पांढरी?"

"होती की."

आर्डिस मुलाकडे वळल्या. "ब्रेंट, तो कर्ट आहे."

"कर्ट? टिल्डा त्याला ओळखत पण नाही!"

"ओळखते. मी कार्ड काढलं नव्हतं रे. तुम्ही नसताना खेळात घालायचे."

"आई, तू मला शब्द दिला होतास!" ब्रेंट इतक्या मोठ्याने ओरडला की आजूबाजूची माणसं गप्प झाली. मीही त्यांना नको नको ते बोलले. दारुड्याच्या हाती पोर दिलीत म्हणाले. आम्ही पळत सुटलो आणि जन्मात बर्फावर चार पावलं भरभर न टाकलेली ती बाई आमच्या मागून पळत आली.

शेवटच्या खोपट्याचं दार उघडं होतं. टिल्डा पालथ्या बादलीवर बसून बिस्कीट खात होती, एक हात डॉटीच्या मानेत. कर्ट तिच्यासमोर गुडघे टेकून बसला होता. तो इतका थरथरत होता की मला वाटलं, प्यायलाय. मी पोरीला उचललं आणि त्याचा वास घेतला, खरंच घेतला. नुसता कॉफीचा वास होता.

"आत्ताच एकाला निरोप देऊन पाठवलंय मी," कर्ट म्हणाला. तो ब्रेंटकडे बघत नव्हता. "डॉटी सुटून हौदावर पाणी प्यायला गेली. मागून ही, दोरीखालून. अगदी काठावर उभी होती. मी पुढे झालो तर ती घाबरून मागे सरकली. मागे पाणी होतं, ब्रेंट. मी जागच्या जागी थांबलो. काय करावं कळेना. हात पुढे केला असता तर आणखी मागे गेली असती."

"मग?" ब्रेंटने विचारलं.

"मग तिने टोपीकडे बघितलं, कुत्रीकडे बघितलं, आणि म्हणाली, तू कर्टकाका ना? आणि आपण होऊन आली माझ्याकडे."

अनोळखी माणूस जवळ आला की मागे हो आणि पळ, हे टिल्डाला मी शिकवलं होतं. रोज घोकून घेतलं होतं. ती माझं ऐकतच मागे सरकली होती. ते मनात आलं. मी पोरीसकट खाली बसले आणि रडायला लागले.

"मम्मी, मला घट्ट होतंय," टिल्डा म्हणाली. मग कर्टकडे वळून, "काका, तुझी जोडी कुठाय? आजीच्या खेळात तुझे दोन आहेत."

कर्टला काही समजलं नाही. आर्डिस दारातच उभ्या होत्या, आत यायची हिंमत होत नव्हती त्यांची. ब्रेंटने तो गुलाबी हातमोजा टिल्डाच्या हातात चढवला, मग भावाच्या हातांकडे बघितलं. "चल, कॉफी ओत," तो शेवटी म्हणाला. कर्टने ओतली, निम्मी बाहेर सांडली.

परतताना गाडी ब्रेंट चालवत होता. टिल्डा माझ्या मागे तिच्या खुर्चीत झोपली होती, मी हात मागे करून तिचा बूट धरून बसले होते. ती सीटवर आहे हे मला सारखं तपासून बघावंसं वाटत होतं. आजही वाटतं.

"आई," ब्रेंट म्हणाला, "त्याचं कार्ड अजून खेळात आहे?"

आर्डिस मागच्या सीटवर अंग चोरून बसल्या होत्या. "काढते रे," त्या घाईघाईने म्हणाल्या. "घरी गेल्या गेल्या काढते. शपथ. पण पोरीला माझ्यापासून तोडू नकोस."

"हात लावायचा नाहीस त्याला," ब्रेंट म्हणाला, आणि गाडी घराकडे डावीकडे वळवली.